बन्नीचं कुरण राखायचं ते नेमकं कुणापासून?

गवत्या (धागाकर्ता)
विभाग: निसर्ग आणि पर्यावरण

मंडळी, थंडी जवळ आली की इथे कच्छची चौकशी सुरू होते आणि ती पांढऱ्या रणावर नि तंबूंच्या भाड्यावर संपते. भुजहून धोरडोला जाताना भिरंडियारा मागे पडलं की दोन्ही बाजूंना जो सपाट, धुळकट, काटेरी मुलूख लागतो, तो बहुतेक लोक मोबाईलमध्ये डोकं घालून पार करतात. हा धागा त्या मुलखाबद्दल आहे. नाव बन्नी. क्षेत्रफळ सुमारे 2,500 चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरं मिळून होतील त्याच्या चौपटीहून थोडं जास्त.

कच्छच्या डोंगराळ भागातून उत्तरेकडे वाहणाऱ्या लहान नद्यांनी आणि फार पूर्वी सिंधूच्या फाट्यांनी आणून टाकलेला गाळ रणाच्या कडेला साचला, त्याची ही जमीन झाली. 1819 च्या भूकंपात उत्तरेला अल्लाह बंध नावाचा लांबलचक उंचवटा वर आला आणि सिंधूकडून येणारं पाणी जवळपास बंद झालं. आता भिस्त फक्त पावसावर. वर्षाला 300-350 मिलीमीटर, तेही आलं तर. पण जमीन इतकी सपाट की जे पडतं ते वाहून जायला वाट सापडत नाही. खोलगट भागात ते साचतं, महिनोन्‌महिने राहतं. सप्टेंबरात जिथे बदकं पोहतात तिथेच फेब्रुवारीत म्हशी चरतात.

अशा उथळ तळ्याला तिकडे ढंढ म्हणतात. सर्वांत मोठा छारी-ढंढ, नखत्राणा तालुक्यात, बन्नीच्या पश्चिम टोकाला. 2008 साली तो गुजरातचं पहिलं संवर्धन राखीव क्षेत्र झाला, 227 चौरस किलोमीटर. चांगल्या पावसाच्या वर्षी हिवाळ्यात तिथे हजारोंनी क्रौंच उतरतात. रोहित, झोळीवाले, बदकं वेगळीच. कडेच्या गवतात भोवत्या (हॅरियर), स्टेप गरुड, पखुर्ड्या, चिंकारा, लांडगा, वाळवंटी कोल्हा, सांडा. पक्ष्यांची पूर्ण यादी हवी असेल तर ती देणारे दर्दी इथे आहेतच, मी त्यात पडत नाही.

माझा मुद्दा दुसरा आहे. बन्नी ही सामाईक जमीन आहे. तिची मोजणी होऊन तुकडे पडलेले नाहीत, बांध नाहीत. कच्छच्या रावांच्या काळापासून इथे नांगर चालवायला मनाई होती, चराईवर कर होता. 1955 मध्ये सरकारने ती संरक्षित वन म्हणून जाहीर केली. 19 ग्रामपंचायती, जत, मुतवा, हालेपोत्रा, रायसीपोत्रा, मेघवाळ असे कितीतरी समाज, बहुतेक सगळे मालधारी, म्हणजे गुरं पाळणारे. कुठल्या गावची म्हैस कुठे चरेल याला कुंपण नाही, पण पाणी कुणी खोदलं, कुठल्या बाजूला यंदा गवत आहे, पाऊस नसेल तर कुणी कधी बाहेर पडायचं, याच्या रीती पिढ्यान्‌पिढ्यांच्या.

पाण्याचंच बघा. जमिनीखाली सगळं खारट. मालधारी तळ्याच्या कोरड्या तळात उथळ विहीर खणतात, तिला विरडा म्हणतात. पावसाचं मुरलेलं गोडं पाणी हलकं, ते खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं. वरचं तेवढंच हळूहळू उपसायचं. जास्त खोल गेलात किंवा घाईने उपसलंत की खालचं खारं पाणी वर आलं, विरडा गेला. हे एकट्याने पाळून भागत नाही, सगळ्यांनी पाळावं लागतं.

आता राखणदारांची गोष्ट. 1961 मध्ये वनखात्याने रणाचा खारटपणा पुढे सरकू नये म्हणून 31,550 हेक्टरवर वेडी बाभूळ लावली. तिकडे तिला गांडो बावळ म्हणतात. मूळची अमेरिकेतली, काटेरी, खाऱ्या जमिनीतही तग धरणारी. तिच्या शेंगा गोड. गुरांनी खाल्ल्या, बी पोटातून न पचता शेणातून पडलं, आणि जिथे जिथे कळप गेले तिथे बाभूळ गेली. आज निम्म्याहून जास्त बन्नी कमी-अधिक दाट बाभळीखाली आहे. तिच्या जाळीत गवत येत नाही. भोवत्याला रात्री बसायला उघडं गवत लागतं, चिंकाऱ्याला पळायला मोकळं रान लागतं, तेही गेलं. त्याच काळात वरच्या नद्यांवर धरणं झाली, त्यामुळे क्षार धुऊन नेणारं गोडं पाणी कमी झालं.

आणि एवढं सगळं झाल्यावर वनखात्याची कार्ययोजना आली, की ठरावीक भाग कुंपण घालून बंद करायचे आणि गुरं बाहेर ठेवायची, म्हणजे गवत येईल! मालधाऱ्यांनी 2008 मध्ये संघटना बांधली होती, त्यांनी विरोध केला. घोषणा अगदी साधी: बन्नीला बन्नी राहू द्या. माझं मत त्यांच्याच बाजूचं आहे. हे कुरण गुरांमुळे बिघडलेलं नाही, ते गुरांसाठी राखलं गेलं म्हणून शिल्लक आहे. नांगराला आडवा आलेला कायदा कागदावर होताच, पण जागेवर आडवा आला तो कळप.

बोला.

---

भुईरिंगणी

वाखूसाआ (वाचनखूण साठवली आहे). विरड्याचा परिच्छेद दोनदा वाचला. धोरडोला आम्हीही गेलो होतो, वाटेत भिरंडियाराला मावा खाल्ला आणि "छान आहे" म्हणून पुढे निघालो. हा मावा ज्या म्हशींचा, त्या कुठल्या गवतावर चरतात हे विचारायचं सुचलं नाही. त्या म्हशी रात्री चरतात असं ड्रायव्हर म्हणाला होता, ते खरं की पर्यटकांना सांगायची गोष्ट?

---

गवत्या

खरं आहे. दिवसा उन्हाचा तडाखा असतो, म्हणून संध्याकाळी दूध काढून कळप सोडतात. सोबत गुराखी बहुतेक वेळा नसतोच. म्हशी रात्रभर मैलोन्‌मैल हिंडून चरतात आणि सकाळी दूध द्यायला आपापल्या घरी हजर. कळपातल्या जुन्या म्हशींना वाटा ठाऊक असतात, कालवडी त्यांच्यामागे शिकतात. शिंगांना दोन वेढे असलेली ही जात 2010 मध्ये देशातली 11 वी म्हशीची जात म्हणून नोंदली गेली. ती गोठ्यात किंवा संशोधन केंद्रात घडलेली नाही, या कुरणावर घडली.

---

तिरकस

लेख चांगला, पण थोडं पाणी ओतू का? मालधारी म्हणजे देवमाणसं आणि वनखातं म्हणजे राक्षस, हे जरा जास्तच सरळ होतंय. जमीन सगळ्यांची म्हणजे कुणाचीच नाही, हा अनुभव आपल्या प्रत्येक गावाला आहे. गुरं वाढत जाणार, दूध डेअरीला जाणार, पैसा दिसला की प्रत्येकजण आणखी दोन म्हशी घेणार. गवत तेवढंच. मग? रीतीभाती बाजारापुढे किती टिकतात?

दुसरं, 1961 ला ज्यांनी बाभूळ लावली त्यांना रण पुढे सरकतंय असंच वाटत होतं. आज आपण शहाणे.

---

डॉ. म्हैसमाळ

तिरकसराव, दुधाच्या पैशाने म्हशी वाढल्या हे बरोबर. पण गुरांमधला मोठा बदल वेगळ्या कारणाने झाला. बन्नी पूर्वी गाईंसाठी, कांकरेज जातीच्या गाईंसाठी ओळखली जायची. त्यांचे बैल दूरवर विकले जात. वेडी बाभूळ पसरली, गवत आटलं, आणि दुष्काळात गाई शेंगांवरच जगायला लागल्या. थोड्या शेंगा चालतात, उत्तम खुराक आहे. पण महिनोन्‌महिने फक्त शेंगा खाल्ल्या की गाईच्या जबड्याचे स्नायू निकामी व्हायला लागतात, जीभ लोंबते, रवंथ बंद पडतो, जनावर खंगून मरतं. हे झाड जिथे गेलं अशा इतर देशांतही हा विकार नोंदला गेलाय. म्हशींना त्याचा त्रास फार कमी होतो. म्हणून गाई घटल्या आणि म्हशी आल्या. झाडाने अख्ख्या मुलखाची गुरं बदलली, बाजाराने त्यावर कळस चढवला.

धंद्याने पशुवैद्य आहे, म्हणून एवढं लांबलं.

---

भीमाकाठी

डॉक्टर, जबरदस्त माहिती.

इंदापूर-बारामती पट्ट्यातला आहे मी, त्यामुळे हा धागा वाचताना पोटात गोळा आला. आमच्याकडे एका अंगाला उजनीचं पाणलोट, रोहित, पट्टकादंब, आणि दुसऱ्या अंगाला कडबनवाडी-शिर्सुफळचं माळरान, त्यात लांडगे आणि चिंकारे. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य तर अवघं 5 चौरस किलोमीटर, सगळं माळरान. सरकारी नकाशात अशी जमीन काय म्हणून दाखवतात? पडीक. मग पडीक दिसली की कुणाला तरी झाडं लावायचा उमाळा येतोच. 2019 ला राज्यात 33 कोटी झाडांचं उद्दिष्ट होतं. तेवढे खड्डे घ्यायचे कुठे? माळावर. गिरिपुष्प लावून ठेवलंय कितीतरी ठिकाणी. मेंढरू तोंड लावत नाही, धाविक पक्षी त्यात पळू शकत नाही.

त्यातल्या त्यात बरं म्हणजे 2023 पासून वनखात्यानेच कडबनवाडी आणि शिर्सुफळला गवताळ सफारी सुरू केली आहे. माळ बघायला लोक पैसे देतात म्हटल्यावर गावातल्या पोरांना वाटाड्याचं काम मिळतंय. एकूण काय, "इथे काही नाही" म्हणणारे जरा कमी झालेत.

---

सिंदफणा

भीमाकाठी यांचं पटतं, पण गायरानाचं नाव निघालं की माझं रक्त जरा वेगळ्या कारणाने तापतं, म्हणून लिहितो. आम्ही बीडकडचे.

सामाईक जमीन गावाची म्हणता, ठीक. गाव म्हणजे कोण? ज्याच्या दावणीला गुरं होती त्याचं गायरान. ज्याला गावाने वेशीबाहेर ठेवलं, ज्याच्याकडे ना जमीन ना जनावर, त्याला त्या गायरानातून काय मिळालं? मेलेलं ढोर ओढायचं काम. म्हणूनच दादासाहेब गायकवाडांच्या पुढाकाराने 1959 आणि 1964 ला भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, आणि मराठवाड्यात हजारो दलित कुटुंबांनी गायरानं कसली. मार खाऊन कसली. 1991 च्या शासन निर्णयाने 14 एप्रिल 1990 आधीची अशी अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं, तरी सातबाऱ्यासाठी आजही लोक खेटे घालतात.

2022 ला उच्च न्यायालयापुढे राज्यभरातल्या गायरानांवरच्या अतिक्रमणांचा विषय आला तेव्हा 2 लाख 22 हजारांवर बांधकामांचा आकडा सरकारने दिला. नोटिसा निघाल्या त्या आधी कुणाला? पत्र्याच्या घरांना. गायरानातला मोठा प्लॉट आणि त्यावरची संस्था शेवटच्या पानावर.

बन्नीचं ठाऊक नाही. पण "अतिक्रमण हटवा, कुरण वाचवा" ऐकलं की मी आधी विचारतो, हटवणार कुणाला?

---

गवत्या

सिंदफणा, तुमचा प्रश्न बन्नीलाही तंतोतंत लागू पडतो आणि तिथलं उत्तर गुळगुळीत नाही.

बन्नीत अतिक्रमण म्हणजे सामाईक कुरणाचा तुकडा काट्यांचं कुंपण घालून, नांगरून एकट्याच्या ताब्यात घेणं. ते करणारे काही बाहेरचे आहेत, आणि काही बन्नीतलेच, ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आणि वट दोन्ही आहे. मालधाऱ्यांची संघटना 2018 मध्ये हरित न्यायाधिकरणात गेली ती या कुंपणांविरुद्ध. मे 2021 मध्ये निकाल आला: सहा महिन्यांत अतिक्रमणं काढा, आणि मालधाऱ्यांचा सामूहिक वनहक्क कायम राहील. तिथे कुंपण घालणारा बहुधा वरचढ आहे आणि हटवा म्हणणारा लहान कळपवाला. तुमच्याकडे चित्र उलटं आहे. दोन्हीकडे एकच काठी फिरवता येणार नाही, हे मान्य.

तिरकसराव, तुम्हालाही यातच उत्तर. रीती बाजारापुढे आपोआप टिकत नाहीत, कायद्याचा टेकू लागतो. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली बन्नीतल्या 47 गावांनी वैयक्तिक पट्टे मागितलेच नाहीत. एकत्र, सगळ्या कुरणावरचा सामूहिक हक्क मागितला. जमिनीची वाटणी करून घ्यायची संधी समोर असताना वाटणी नको म्हणणारी माणसं मला तरी कमी माहीत आहेत. ते दावे पुढे वर्षानुवर्षं रखडले.

---

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या वर्धा-यवतमाळकडे कच्छचेच रबारी मेंढरं अन्‌ उंट घेऊन फिरतात, पिढ्या झाल्या. बन्नीतले नव्हेत ते, पण मुलूख तोच. पांढरे कपडे, डोक्याला पागोटं, बायांचे काळे कपडे, उंटावर खाट नि लेकरं. कापूस निघाला की वावरात मेंढरं बसवतात, खत पडतं. शेतकरी खुश. अन्‌ तोच रबारी पुढच्या जंगलाच्या हद्दीवर गेला की चोर ठरतो.

लहानपणी त्यांची भीती घालायचे आम्हाला. आता घरी ताक विकत आणतो आणि त्यांच्या डेऱ्यावर गेलं की फुकट मिळते!

---

भुईरिंगणी

@सिंदफणा, तुमचा प्रतिसाद स्वतंत्र धागा होऊ शकेल. लिहाच.

@गवत्या, बाभूळ काढून टाकली तर गवत परत येतं का, की जमीन कायमची गेली?

---

गवत्या

येतं, पण नुसती तोडून नाही. वरून छाटली तर बुंध्यातून दहा फांद्या फुटतात आणि आधीपेक्षा दाट जाळी होते. मुळासकट उपटावी लागते. होडकोला सहजीवन संस्था आणि अत्री या संशोधन संस्थेचं रॅम्बल नावाचं अभ्यास केंद्र आहे. बाभूळ काढलेल्या तुकड्यांवर गवत जोमाने येतं, हे तिथल्या प्रयोगांत दिसलं आहे. फार खारट झालेल्या जागी मात्र आधी लाण्यासारख्या क्षारवनस्पती येतात, गवताला वेळ लागतो. गोड जमिनीवर येणाऱ्या गवतांत आपलं मारवेलही आहे. बी जमिनीत असतं, शेणातूनही येतं. पहिली एक-दोन वर्षं त्या तुकड्यावर गुरं सोडायची नाहीत, हे गावाने ठरवावं लागतं.

---

तिरकस

म्हणजे गुरं बाहेर ठेवावी लागतातच की!

---

गवत्या

हो, लागतात. एक तुकडा, एक-दोन वर्षं, गावाच्या ठरावाने आणि नंतर उघडायचा हे आधीच ठरवून. खात्याच्या कुंपणात आणि यात फरक नाही असं तुम्हाला वाटत असेल तर आपण इथेच थांबू.

---

भुजवासी

नोकरीमुळे बरीच वर्षं भुजला आहे, मूळ मिरजेकडची. एक गोष्ट या चर्चेत राहून गेली. बाभूळ जायलाच हवी असं सगळ्याच बन्नीवाल्यांना वाटत नाही. ज्याच्याकडे साठ म्हशी, त्याला गवत हवं. ज्याच्याकडे दोन किंवा एकही नाही, तो बाभळीचा कोळसा पाडतो, डिंक आणि मध गोळा करतो. दुष्काळी वर्षी तर बरं घर असलेलाही कोळशावर येतो, आणि शेंगा नसत्या तर म्हशीही तगल्या नसत्या. कोळशावर मध्यंतरी काही वर्षं बंदी उठली होती तेव्हा ट्रक भरभरून जात होते. नफा मात्र भट्टी लावणाऱ्याकडे कमी आणि व्यापाऱ्याकडे जास्त.

म्हणून "सरसकट काढा" म्हणणारा आणि "काढू नका" म्हणणारा, दोघेही तिथलेच. गवत्या यांनी मालधारी एका सुरात बोलतात असं लिहिलेलं नाही, पण वाचणाऱ्याचा तसा ग्रह होऊ शकतो.

---

टिटवी

कामाचं तेवढं विचारते. पक्षी बघायला जायचं तर कधी, आणि हायपोकोलियस खात्रीने कुठे दिसेल?

---

भुजवासी

खात्रीने काहीच नाही :) पण छारी-ढंढजवळच्या फुलाय गावाभोवती पिलूची झाडं आहेत, त्याची फळं खायला तो हिवाळ्यात येतो. भारतात तो बघायला लोक तिथेच येतात. डिसेंबर ते फेब्रुवारी, सकाळी लवकर. क्रौंच संध्याकाळी ढंढावर परततात तेव्हा जा, सकाळी ते चरायला शेतांकडे गेलेले असतात. स्थानिक वाटाड्या घ्या. ढंढाच्या कडेचा चिखल वरून सुका दिसतो आणि गाडी रुतते. सीमाभाग आहे, मूळ ओळखपत्र जवळ असू द्या.

---

भीमाकाठी

अवांतर: बन्नीत चित्ते आणणार म्हणतात ते खरं का?

---

भुजवासी

चित्त्यांच्या प्रजनन केंद्राला केंद्र सरकारने 2023 अखेरीस मान्यता दिली, सुमारे 500 हेक्टरचं कुंपण आहे. 2,500 चौरस किलोमीटरमध्ये 500 हेक्टर म्हणजे फार नाही. मालधाऱ्यांचा प्रश्न आकाराचा नाही. इथे लांडगा आहे, तो अधूनमधून रेडकू नेतो, त्यावरून आरडाओरडा होतो आणि पुन्हा कळप सुटतो. त्यांना विचारायचंय की उद्या चित्ता कुंपणाबाहेर सोडला, तर रात्री एकट्या चरणाऱ्या म्हशींना घरी बांधा असा हुकूम निघणार का? तो निघाला तर या जातीचं चरणंच संपलं.

टिटवीताई, निघण्याआधी यंदा ढंढ भरलाय का ते विचारून घ्या. पाऊस कमी झाला की तो पूर्ण कोरडा असतो, मग क्रौंचही नाहीत आणि तुमची कच्छ एक्सप्रेसची तिकिटंही वाया. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तर ऑक्टोबरात कळवते.